दोन माणसांची मोटार

आमच्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे मामांनी, आयुष्यात नवीकोरी अशी एकही वस्तू विकत घेतली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा एखाद्याला सात गावच्या पाटीलकीचाही नसेल. नवी वस्तू घेतो तो अडाणी, हे त्यांचं ठाम मत. "अरं, नव्या वस्तूची खोड कुनाला ठावं? जुनी म्हंजे दुसऱ्यानं जलमभर वापरून, पारखून आपल्यासाठी ठिवलेली!" या न्यायानं राहात्याच्या त्यांच्या घरात काय काय येऊन पडलं होतं म्हणून सांगू! एका पेन्शनर मामलेदाराचा चष्मा होता. तो लावला की मामांना समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा, पण मामलेदारानं जन्मभर कायदा वाचून काचा पक्क्या केल्यात, तेव्हा सातबारा वाचावा तर त्याच चष्म्यातून, असं ते बजावत. बुडालेल्या तंबू टॉकीजचा पडदा होता, तो खळ्यावरच्या बाजरीवर पांघरायला. मायदेशी परतलेल्या एका गोऱ्या पाद्र्याचा कुत्रा होता. त्याला मराठी कळत नसे, आणि शेळी दिसली की तो मामांच्या धोतरामागं दडून बसे. आत्याचे यजमान म्हणून आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. माझे वडील त्यांना तोंडावर दाजी म्हणत आणि पाठीमागं 'जुना बाजार'.

तर ज्या साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, त्या साली मामांचा ऊस बरा गेला, आणि या दोन घटनांचा संयोग होऊन आमच्या खानदानात इटलीची मोटार आली. मामा मुंबईला गेले होते ते जुनं डिझेल इंजिन बघायला, विहिरीवर बसवायला म्हणून. तिथं कुणीतरी त्यांना सांगितलं की अमुक संस्थानचे राजेसाहेब आपली शर्यतीची गाडी काढतायत. जुनी आणि वर राजाची! मामांना इंजिनाचा विसरच पडला. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण काष्टीच्या बाजारात खिलार बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि पारख ती पारख, असा त्यांचा हिशोब. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, पाठीवर थाप मारली, पोटाखालून हात फिरवला आणि खाली बसून तिच्या दिव्यांत रोखून बघितलं. मग राजेसाहेबांच्या कारभाऱ्याला तिच्या टपावर हात ठेवायला लावून बाजाराच्या रिवाजाप्रमाणं शपथ घ्यायला लावली, की मारकी नाही, बुजत नाही, चाऱ्याला खळखळ करत नाही. कारभारी हसत हसत शपथ घेऊन मोकळा झाला. पुढं कित्येक वर्षं मामा कपाळावर हात मारून सांगायचे, "समदं इचारलं बघ. बशा बैलावानी मधीच बसती का, येवढंच इचारायचं ऱ्हायलं." काष्टीला बैल घेताना हा प्रश्न शेंबडं पोरसुद्धा आधी विचारतं.

गाडी दिसायला मात्र देखणी, उगाच खोटं कशाला बोला! हळदीसारखी पिवळीधमक, आणि इतकी बुटकी की कुंपणापलीकडून जाताना नुसतं टप सरकताना दिसे. आवाज असा की पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या म्हशींनी पान्हा चोरला. तिचं पोट रस्त्याला घासायचं, म्हणून पुढं एक गडी धोंडे वेचत चाले आणि मागून ताशी दीडशे मैल धावणारी मोटार त्याच्या चालीनं येई. हाकायचं चक्र डाव्या बाजूला. आणि टप इतकं खाली की फेटा घालून आत बसता येत नसे. आता फेट्याशिवाय मामा दारातल्या तुळशीपर्यंतही जात नसत. मग मामा बोडक्यानं डावीकडं बसत आणि उजवीकडच्या गादीवर फेटा बसे. गावातून जाताना लोक रामराम घालत तो बहुतेक फेट्याला.

आणि त्या गाडीत आसनंच दोन होती. मागं गादी नाही, बाक नाही, काही नाही, होतं ते सगळं इंजिन. घरात माणसं चौदा! आमचे वडील तर पोट धरधरून हसले. "दाजी, चौदा माणसांत दोन शिटा. बाकीच्या बारांनी काय मागं पळायचं?" मामा मिशीवर हात फिरवून म्हणत, "राजेलोक काय खुळे हुते व्हय?" आणि फेटा उचलून खळ्याकडं निघत.

आता इथं आत्याची गोष्ट सांगायला हवी. मामांचं वऱ्हाड आमच्या दारी बैलगाड्यांतून आलं होतं, आणि आमच्याकडच्या शहाण्या माणसांनी त्यावरून बरीच टिंगल केली होती. ती नव्या नवरीच्या कानावर गेली. तेव्हा मामांनी तिला शब्द दिला होता, "तुला माझ्या मोटारीतून माहेरी न्हेईन." तो शब्द वीस-बावीस वर्षं यष्टीच्या धक्क्यांत हिंदकळत होता. आत्याला दागिने नको होते, काशी नको होती. एका भाऊबिजेला भावाच्या दारात, साऱ्या आळीदेखत, नवऱ्याच्या मोटारीतून उतरायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि हे साऱ्या घराला माहीत होतं. मोटार आली त्या दिवशी तिनं तिला दोनदा ओवाळलं, असं तिच्या मोठ्या जाऊबाई सांगत.

पण दारासमोरच्या ओट्यावर मामांचे थोरले बंधू दिवसभर बसलेले असत. थोरल्या दिरांसमोर आत्या पदराचं टोक कधी कपाळावरून ढळू द्यायची नाही. मग त्यांच्या डोळ्यांदेखत ती नवऱ्याला खेटून मोटारीत कशी बसणार? जीप असती तर मागं पोराबाळांत बसून गेली असती, कुणाची ना नव्हती. या गाडीला 'मागं'च नव्हतं! मामांनी एकदा बुद्धी लढवून पाहिली. "दादा, सत्यनारायनाला ती माझ्या उजव्या अंगालाच बसती ना? हितंबी उजवीकडंच बसंल." थोरल्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "आन् भटजी कुटं बसवनार?" विषय संपला. त्या गादीवर मग तलाठी बसले, जनावरांचे डॉक्टर बसले, यष्टी चुकलेले कीर्तनकारबुवा बसले, ताप आलेली शेळी बसली. पाद्र्याचा कुत्रा तर कायमचा मानकरी. आत्या रोज सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यानं ती गादी तेवढी पुसायची.

मोटार आल्यावरच्या पहिल्या दिवाळीला तिला आणायला मुराळी म्हणून मी गेलो. नगरला एका शाळेत मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. माहेरचा मुराळी आल्याशिवाय सासुरवाशिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. भाऊबिजेच्या सकाळी गाडी उभी, आत्या नवं लुगडं नेसून दाराआड उभी, आणि थोरल्यांनी ओट्यावरून निवाडा दिला, "सोयऱ्याचा मानूस यष्टीत लोंबकळत जानार आन् घरची मोटार रिकामी? मुराळ्याचा मान म्हंजे मान. त्यो गाडीत बसंल. धाकली यष्टीनं जाईल." मी नको नको म्हणत होतो, पण मानापुढं कुणाचं काय चालतं! आत्यानं फराळाचा डबा उचलला, मला म्हणाली, "बस बाबा, मी होते पुढं," आणि मान खाली घालून स्टँडाकडं चालू लागली. तिची पाठ अजून दिसते मला.

अशा रीतीनं ज्या बाईला माहेरी न्यायला मोटार घेतली ती बाई यष्टीत, आणि तिला न्यायला आलेला मी मोटारीत, मांडीवर फेटा घेऊन! उजवीकडं मी, म्हणून बघणाऱ्यांना वाटे गाडी मीच हाकतोय. त्या वर्षी दुष्काळ होता. राहुरीच्या अलीकडं रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायांशेजारी गाडी गचकन बसली. मामांनी खाली उतरून तिच्या पाठीवर थाप मारली, च्यक च्यक केलं, ढिम्म हलेना. एक म्हातारी हातोडी बाजूला ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, ह्यात बसायचं का निजायचं?" बाकीच्या हसल्या. पोटात अन्न नसताना माणसं इतकं हसू शकतात, हे मला माहीत नव्हतं. मामांनी तेव्हा मात्र मान खाली घातली.

आम्ही दिवेलागणीला नगरजवळ सावेडीत आमच्या घरी पोचलो. आत्या दुपारीच टांग्यातून उतरली होती. तिला एकटी बघून वडिलांनी विचारलं, "अगं, मुराळी कुठंय?" तर ती म्हणाली, "येतोय मागून मोटारीनं." हे वाक्य वडिलांनी पुढं लग्नांत, बारशांत, एका दहाव्यालासुद्धा सांगितलं. त्या रात्री पंगतीत आम्ही सगळे हसत होतो. मामाही हसले. आत्या वाढत होती, ती हसली नाही.

पुढलं वर्षभर गाडी चालली कमी, बसली जास्त. साखर कारखान्यातला एक फिटर येऊन तिच्यात पाणी ओढायच्या पंपाचे भाग घालून गेला, तेव्हापासून ती चालताना ऊस पितेय असा आवाज करू लागली. त्यात पेट्रोल भडकलं. अखेर थोरल्यांनीच नेवाशाचा एक भंगारवाला गाठून सौदा ठरवून टाकला. दिवाळी झाली की तो येऊन गाडी घेऊन जाणार होता. म्हणजे आत्याच्या हाती आता एकच भाऊबीज उरली होती. आणि तेवढ्यात बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर मामांचा निरोप आला, यंदा मुराळी धाडू नका. वडील भडकले. "मुराळी नको म्हणजे? माझी बहीण काय पार्सल आहे?"

भाऊबिजेला पाट मांडून वडील सकाळपासून बसले. दुपारची यष्टी आली, आत्या नाही. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्याच यष्टीतून उतरलेला आमचा शेजारी सांगत आला, "तुमचे पाहुणे विळद घाटात बसलेत." वडील म्हणाले, "बसणारच! बैलजोडी कुठं मिळते का बघ." बैल कुठले मिळायला! आम्ही गल्लीतला एक टेम्पो घेऊन निघालो.

घाटाच्या पायथ्याला कडुलिंबाखाली पिवळी गाडी. मागचं झाकण उघडून मामा आत डोकावत होते आणि फेटा फांदीला लटकवलेला होता. आत उजवीकडच्या गादीवर आत्या! पदर खांद्यावर, केस वाऱ्यानं विस्कटलेले, मांडीवर ओवाळणीचं तबक. ती पेरू खात होती आणि कशाला तरी दात दिसेस्तोवर हसत होती. आत्याला असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. आत्या थोरल्यांच्या पाया पडून, मुराळी स्टँडावर थांबलाय असं सांगून, पिशवी घेऊन निघाली, ती स्टँडावर न जाता उसाच्या बांधाबांधानं पाटाच्या मोरीपाशी गेली. मामा पेट्रोल भरायला म्हणून निघाले, ते मोरीपाशी थांबले. पन्नाशीला टेकलेल्या, घरात जावई आलेल्या गृहस्थानं दिवसाढवळ्या स्वतःच्या लग्नाच्या बायकोला पळवून आणलं होतं!

मी मागं जाऊन मामांच्या शेजारी उभा राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मामा, एवढ्या पैशात चांगली चार माणसांची गाडी आली असती." इंजिनातून डोकं बाहेर न काढता ते हळूच म्हणाले, "चार शिटा असत्या तर चार मानसं बसली असती, भाचेराव. घरात चवदा. लगीन झाल्यापून ही आन् मी दोघंच म्हनून कुटं गेलो न्हाई. देवाला बी न्हाई. दोन शिटा बघितल्या आन् म्हनलं, हीच." वर्षभर आम्ही ज्या माणसाला हसलो तो हा असा होता.

गाडीच्या पुढच्या बाजूला वडील बहिणीला म्हणत होते, "उतर आता. टेम्पो आणलाय. ओवाळायची वेळ टळेल." आत्या उतरली नाही. "दादा, दोन यष्ट्या येऊन थांबल्या," ती म्हणाली, "कंडक्टर चला चला म्हणत होता. मी नाही चढले. बसू दे ना रे आणखी थोडं." आयुष्यात तिनं भावाकडं हट्ट म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. मग तिनं तिथंच ओवाळायचं काढलं. गाडी इतकी बुटकी, की तिच्या खिडकीशी यायला वडिलांना रस्त्याच्या खडीत गुडघे टेकावे लागले. निरांजन वाऱ्यानं विझत होतं, तर मामांनी येऊन काळ्या तेलकट हातांचा आडोसा धरला. वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी नीट केली, ओवाळणी घातली, आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "चला. येतील ती त्यांच्या सवडीनं."

आम्ही त्यांना तिथंच सोडून आलो. संध्याकाळी ती दोघं एका दुधाच्या गाडीतून घरी आली. मोटार तशीच घाटाखाली राहिली आणि तिथूनच भंगारात गेली. भावाच्या दारात आत्या त्या मोटारीतून कधी उतरली नाही. आता मामा नाहीत, वडील नाहीत. आत्या शेवटी शेवटी आमच्याकडं होती, तेव्हा एकदा मी तिला विचारलं, "आत्या, त्या दिवशी दुपारभर तुम्ही दोघं गाडीत काय करत होता गं? काय बोललात एवढं?" ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "काही नाही रे. बसलो होतो."