सारोळ्याला सोडलेला पतंग

पहिल्याच ओळीत सांगून टाकते. मी असलं काही मानत नाही. भूत, चकवा, राखणदार, निरोप — काही नाही. आमच्या घरात देव्हाराच नाही, तिथे देवऋषी कुठून येणार? ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षं मी सर्पदंशाची पत्रकं वाटत भोर आणि वेल्हे तालुका पालथा घातलाय. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचून मी नेहमी हसत आले. आज मीच लिहितेय, आणि खरं सांगायचं तर चिडून लिहितेय.

माझी आत्या गुंजवण्यात राहते. राजगडाच्या पायथ्याला चार भातखाचरं, पुढे ओटा, घराच्या उजव्या भिंतीला टेकून पत्र्याची एक पडवी आणि त्या पडवीत गोवऱ्यांचा ढीग. ही जागा नीट लक्षात ठेवा. तीन वर्षांपूर्वी याच ढिगातून गोवरी ओढताना आत्याला फुरसं चावलं. आमच्यासारख्या चळवळीतल्या घरची बाई... पण भीती वाटली आणि शेजारच्यांनी तिला नानांकडे नेलं. नाना म्हणजे गावात साप उतरवणारे म्हातारबुवा. अर्धा दिवस त्यांनी मंत्र म्हटले. मग दवाखाना. आत्या वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. मी पत्रकं वाटायला लागले ती त्या दोन बोटांमुळे.

या पावसाळ्यात पहिल्यांदा गावाने माझं ऐकलं. समाजमंदिरात बैठक झाली आणि ठरलं — साप चावला की नानांकडे नाही, थेट दवाखाना. गावातल्या टेम्पोवाल्या संतोषदादाने सगळ्यांसमोर शब्द दिला, "ताई, माझा टेम्पो कवाबी काढंन." तीन वर्षांत मिळालेलं एवढं एकच यश!

आणि भातकापणीच्या तोंडावर तो पतंग आला.

पडवीच्या पत्र्याखाली, गोवऱ्यांच्या बरोब्बर वर, भिंतीला चिकटून बसलेला. माझे दोन्ही पंजे शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढा. विटकरी रंग, पंखांत काचेच्या खिडक्यांसारखे पारदर्शक तुकडे आणि वरच्या दोन्ही टोकांना हुबेहूब नागाचं डोकं — डोळ्यासकट. हा ॲटलास पतंग. आमच्या पत्रकात त्याचा फोटोच आहे: 'हा साप नाही. निरुपद्रवी आहे. मारू नका.'

मी पोचले तेव्हा पडवीपुढे गर्दी होती आणि मधोमध नाना.

"ह्यो निरोप हाय," नाना म्हणाले. "राखनदारानं धाडलाय. हितं हात घालायचा न्हाई."

"नाना, हा साधा किडा आहे. आठवडाभर जगतो. खात नाही, पीत नाही... याला तोंडच नसतं!"

"मंग? पोस्टाच्या पत्राला कुटं तोंड असतंय? निरोप पोचतोयच की."

सगळे हसले. संतोषदादासुद्धा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आज निरोप मानला तर उद्या मंत्र मानतील, आणि परवा कुणाची तरी बोटं जातील. म्हटलं, हा निरोप मी परत पाठवून दाखवते.

गर्दी पांगल्यावर मी तो पतंग चपलांच्या खोक्यात घेतला. त्याच्या उजव्या पंखाची खालची कड फाटलेली होती. फोटो काढला. शिवाय डाव्या पंखाच्या आतल्या बाजूला आत्याच्या मुलीच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिला. पतंग बसलेला असताना तो दिसणं शक्य नव्हतं. ठिपक्याचं फक्त मला आणि आत्याला माहीत. मग खोका स्कूटीवर बांधून नसरापूरवरून हायवेला लागले आणि पार चाळीसेक किलोमीटरवर सारोळ्याला गेले. तिथे पत्रकं वाटायचीच होती. नीरेच्या पुलाजवळ करंजाच्या झाडावर त्याला सोडलं, त्याचाही फोटो काढला, आणि भोरला घरी आले.

सकाळी सात वाजता आत्याचा फोन. "प्रज्ञे, तुजा पावना परत आलाय."

"दुसरा असेल गं."

"तू ये आनि बग."

गेले. तीच भिंत, तीच जागा. उजव्या पंखाची खालची कड फाटलेली. हातात पत्रक होतं, त्याच्या कोपऱ्याने डावा पंख अलगद उचलला...

गुलाबी ठिपका.

मी घाबरले नाही. मी भडकले. कोणीतरी माझी चेष्टा करतंय असं वाटलं. पण सारोळ्याला मला ओळखणारं कोण होतं? ठिपक्याचं कोणाला माहीत होतं? आत्या म्हणाली, "आज म्या ह्या गवऱ्यांना हात लावनार न्हाई. गॅसवर पानी तापवते."

"आत्या, तूसुद्धा? बाजूला हो, मी काढते!"

आणि मी वाकले. हात ढिगात जाणार तेवढ्यात आत्याने माझं मनगट धरलं. त्याच हाताने. न वळणारी दोन बोटं ताठ, बाकीच्यांची पकड घट्ट.

"काठी कुटंय?"

"काय?"

"तुज्या कागदात लिवलंय न्हवं? 'अडगळीत हात घालण्याआधी काठीनं हलवा.' लोकांला शिकवतीस आनि सोता इसरतीस?"

लाजेने मान खाली गेली. माझंच पत्रक माझ्याच हातात होतं. आत्याने काठी दिली, मी ढीग हलवला, आणि आतून कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला. न थांबणारा. घोणस. माझा हात जिथे जाणार होता तिथून वीतभर आत.

सर्पमित्राला बोलावलं, त्याने ती पकडून पिशवीत घातली. पण तोवर अख्खं गाव पडवीत होतं. नानांनी नुसते पतंगाकडे बघून हात जोडले. भाषण केलं असतं तर मी भांडले तरी असते!

मी आत्याला आत नेलं. "ठिपक्याचं कोणाला सांगू नकोस. दुसरा पतंग होता म्हण."

"म्या खोटं कशापायी बोलू? तूच सांगत फिरतीस ना — जे दिसलं त्येच बोला, ऐकीव बोलू नगा."

तिने सगळं सांगितलं. सारोळं, नेलपॉलिश, सगळं.

मी सारोळ्याचा आणि परतल्यावर भिंतीवर काढलेला, असे दोन्ही फोटो घेऊन कीटकांचा अभ्यास असलेल्या एका प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी पतंगाच्या मिशा बघून सांगितलं, ही मादी. जड अंगाची, ती फार लांब उडतच नाही. एका रात्रीत सारोळ्याहून गुंजवणे अशक्य. "मग ठिपका?" म्हटलं. तर म्हणाले, "भिंतीवरचा फोटो सारोळ्याला जाण्याआधीचाच नाही कशावरून?" म्हणजे गावाच्या लेखी पतंग खरा आणि सरांच्या लेखी मी खोटी. वा!

इथेच थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पतंग चार दिवसांत मेला. नानांनी तो मागितला, आत्याने मला दिला. पंधरा दिवसांनी भात कापताना संतोषदादाच्या बायकोच्या पायाला काहीतरी चावलं. साप कोणी पाहिला नाही, पण दोन खुणा स्पष्ट होत्या. मी त्या दिवशी आत्याकडेच होते. टेम्पो आला, वहिनींना आत बसवलेलं, आणि संतोषदादा टेम्पो थांबवून खाली उतरला. काय करायला? आत्याच्या पडवीत डोकावायला!

"पतंग न्हाई बसलेला," तो म्हणाला. चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव. "म्हंजी निरोप न्हाई. बिनविषारी आसंल, ताई. जरा वाट बगू."

ज्याने टेम्पोचा शब्द दिला तो माणूस, आणि आत वहिनींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. ओरडली ती आत्या. दोन ताठ बोटं त्याच्या नाकासमोर नाचवत —

"आरं मुडद्या, पतंग आला तर काय सुई टोचनार हाय व्हय? माजा हात बग! काढ टेम्पो!"

त्याने काढला. वाटेत वहिनींची शुद्ध हरपत होती, मी त्यांना हाका मारत होते. वेळेत इंजेक्शनं मिळाली. आठवड्याने त्या घरी आल्या. आता संतोषदादा मला बघून रस्ता बदलतो.

पतंग माझ्या टेबलावर डब्यात आहे. डबा उघडते, पंख उचलते, ठिपका आहेच. तो परत कसा आला याचं उत्तर माझ्याकडे नाही. 'योगायोग' म्हणून मोकळं व्हायला मला लाज वाटते आणि 'निरोप' म्हणायला त्याहून जास्त.

पत्रक पुन्हा छापायचंय. मी एक ओळ वाढवायला सांगितली: 'पतंग आला तरी दवाखाना, नाही आला तरी दवाखाना.' पत्रक काढणाऱ्या आमच्या गटातले म्हणाले, असं छापलं तर आपण पतंगाला मानतो असं होईल. नका छापू. गुंजवण्यात वाटायच्या प्रत्येक पत्रकावर ती ओळ मी पेनने लिहितेय. हात दुखतो. आत्याही लिहू लागते — डाव्या हाताने.