सगळ्यात हलके बाण

मंडळी, आज चाकणच्या मैदानावर जिल्हा संघाची निवड झाली. कंपाउंड धनुष्यासाठी जागा एकच होती.

कोणते कार्बन बाण घेऊ, असं मी क्लबातल्या सीमाताईला मागेच विचारलं होतं. "सगळ्यात हलके घे, वेगात जातात," ती म्हणाली. पप्पांनी ओव्हरटाइम करून आणले.

पिंपरीच्या बंद हॉलमध्ये ते नीट लागायचे. आज उघड्यावर वारा सुटला आणि माझे बाण डावीकडे वाहत गेले. त्याच जागेसाठी उतरलेल्या ताईनं मात्र पिशवीतून जड बाण काढले.

"मला हलके का सांगितलेस?"

"वेगाचे सांगितले गं. वाऱ्याचं तू विचारलंस कुठं?"

निवड तिची झाली. पप्पांनीच तिला पेढा भरवला. म्हणाले, "आमच्या पोरीला असंच शिकवत राहा."

ती एक शब्दही खोटं बोलली नव्हती. याला तुम्ही काय म्हणाल?