कनीजच्या डिग्रीने केलेलं नुकसान

चामोर्शीच्या आठवडी बाजारात वहाबभाऊ बांगडीवाल्यांचं दुकान म्हणजे एक सतरंजी, दोन लाकडी पेट्या आणि त्यांची मुलगी कनीज. सतरंजी आणि पेट्या गप्प बसत. कनीज बसत नसे.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात ती बी.ए. झाली आणि म्हणाली, "अब्बा, मले चंद्रपूरले एमएसडब्ल्यू कराचं आहे." म्हणजे समाजकार्याची दोन वर्षांची पदवी. हे खातात की लावतात, वहाबभाऊंना कळेना. म्हणून त्यांनी माजरीहून पुतण्याला, अल्ताफला बोलावून घेतलं. अल्ताफ कोळसा खाणीत कायम झालेला. आणि आमच्याकडे ज्याची नोकरी कायम, त्याचं मतही कायम असतं.

अल्ताफने भर बाजारात, सतरंजीच्या कोपऱ्यावर मांडी ठोकली आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं. एका बाजूला खर्च: फी, खोली, मेस, गावोगाव हिंडायचं एसटीभाडं. दोन वर्षांचे छत्तीस हजार. दुसऱ्या बाजूला कमाई: एखाद्या संस्थेत लागलीच, तर महिना दोन हजार.

"दोन हजार तं आमच्या कॅन्टीनात कप धुणाऱ्याले भेटते," तो म्हणाला. "आन समाजसेवेले डिग्री कायले लागते? ते तं लोकं फुकटात करते. त्यापेक्षा डी.एड. कर. मास्तरीण होशीन, पगार भेटन, लग्नही जमन."

"तुमचं कसं जमलं मंग, भाई? तुमच्यापाशी तं डी.एड. नाई."

वहाबभाऊंनी हसू दाढीत लपवलं. पण पानावरचा आकडा काही खोटा नव्हता. दोन्ही पेट्या मालासकट विकल्या असत्या तरी छत्तीस हजार उभे राहिले नसते. त्यांनी हळूहळू मान हलवली, आणि ती नकाराचीच होती.

तेवढ्यात आशाबाई आली. जवळच्या खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरची, आणि वहाबभाऊंचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. बाकीच्या बायका सणावाराला बांगड्या भरत, आशाबाई महिन्याच्या महिन्याला.

"हिरव्या भरा भाऊ, डझनभर."

वहाबभाऊ तिचा पंजा दाबून बांगडी चढवू लागले. एक फुटली. दुसरी फुटली. पंजा सुजलेला होता. भरताना फुटलेली बांगडी बांगडीवाल्याच्या अंगावर, हा या धंद्याचा कायदा. त्यांनी मुकाट्याने तिसरी घेतली. धंद्याचा दुसरा कायदा असा, की बांगडीवाल्याने हात पाहावा, चेहरा पाहू नये.

आशाबाई गेली तशी कनीज काचा वेचत म्हणाली, "अब्बा, साऱ्यायच्या बांगड्या सहा-सहा महिने टिकते. आशाबाईच्या महिन्यात काऊन फुटते?"

"आपण इचारत नाई, बेटा. तो आपला धंदा नोहे."

"तेच शिकाले जाऊन राह्यली मी. कसं इचाराचं, आन इचारल्यावर पुढं काय कराचं." मग ती अल्ताफकडे वळली. "फुकटात होते म्हणता ना, भाई? एवढा बाजार भरून आहे. इचारलं कोणी? तुम्ही तं हातभर अंतरावर बसले होते."

अल्ताफने पेन्सिल कानावर ठेवली. वहाबभाऊंनी त्याच्या पुढचं पान ओढलं, चार घड्या घालून पेटीच्या तळाशी टाकलं.

"हिशेब बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. "पोरगी जाईन."

त्यापुढची दोन वर्षं वहाबभाऊंनी आठवड्याला दोन बाजार जास्तीचे केले. कनीज शिकून आली, तालुक्यातल्याच एका संस्थेत लागली. पगार बावीसशे. अल्ताफचा अंदाज दोनशे रुपयांनी चुकला, ते त्याने मनाला लावून घेतलं नाही. पहिल्याच ईदेला त्याने विचारलं, "छत्तीस हजार कधी निंगन?"

"निंगनच नाई, भाई. तुम्ही बसा वाट पाहत."

आणि ती आशाबाईच्या अंगणात जाऊन बसली. नवरा नानाजी अंगावर धावला, "तू कोण होतेस आमच्या घरात पाहाणारी?"

"बांगडीवाल्याची पोरगी. आमचा माल तुमच्या घरी लय फुटते. तक्रार पाहाले आली."

दर गुरुवारी ती यायची. आधी एकटी, मग बचत गटातल्या चार बायका घेऊन, मग बारा. नानाजीने "उचलून फेकीन" म्हटलं, तर ती म्हणाली, "फेका, पण बाराही फेका." बारा बायका अंगणात तांदूळ निवडत बसल्या, की माणसाला स्वतःच्या घरात खोकायचीसुद्धा चोरी होते. एकदा त्याने तरीही हात उचलला. त्या दिवशी बाराही जणी आशाबाईला मधे घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेल्या. कनीज पुढे, हातात लिहिलेला अर्ज. अर्ज कसा लिहायचा, हे त्या छत्तीस हजारांतच आलं होतं.

दोन हजार पाचच्या ईदेला अल्ताफ आला. शिरखुर्म्याआधी त्याचा प्रश्न आला, "मंग? किती वसूल?"

वहाबभाऊंनी पेटीच्या तळातून ते पान काढलं. घड्या फाटायला आल्या होत्या. "लिही. खर्चाच्या बाजूले."

"आता कोणता खर्च, चाचा?"

"आशाबाई. पयले महिन्याले डझन नेत होती. औंदा नागपंचमीले भरल्या, त्या अजून हातात आहे. वर्षाचे दहा डझन बुडाले. लिही, पोरीच्या डिग्रीनं धंद्याचं नुकसान केलं."

अल्ताफने लिहिलं. मग मान वर करून म्हणाला, "नुकसान झालं तं हासून काऊन राह्यले तुम्ही?"

आतून कनीजचा आवाज आला, "असेच दोन पक्के गिऱ्हाईक अजून आहे तुमचे, अब्बा. तेही बुडवीन मी."

"बुडव," वहाबभाऊ म्हणाले, आणि त्यांनी अल्ताफची वाटी काठोकाठ भरली.