तळहाताचा वास

कारखान्यात त्यांना सगळे खिळेदादा म्हणत. माल परदेशी पाठवायची लाकडी खोकी ठोकण्यात त्यांची हयात गेली. बायकोच्या नाकाची मात्र त्यांनी जन्मभर थट्टा केली. शेजारणीचं दूध करपलं तर शेजारणीच्या आधी हिला कळे, आणि दादा म्हणत, "हिला बंदरावर तपासनीस म्हणून नेमा!"

त्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले. साबण घेऊन नळाकडे वळले, तोच तिने त्यांचा हात धरला आणि हुंगला.

"अहो, कच्च्या लाकडाचा वास येतोय. चीकही लागलाय."

दादांच्या हातातला साबण तसाच राहिला. परदेशी जाणाऱ्या खोक्याचं लाकूड आधी भट्टीत घालतात. गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश उष्णता अर्धा तास टिकली की आतली कीड मरते, आणि मगच खोक्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का बसतो. नियम जगभरचा, आणि शहाणपणाचा. इथली अळी तिकडच्या जंगलात पोचली तर उभी झाडं पोखरून टाकेल. त्यांच्या भट्टीतल्या सुक्या फळीचा चीक काही हाताला लागत नाही. म्हणजे सकाळी एखादी फळी कच्च्या थप्पीतून उचलली गेली होती. कच्च्या फळीचं टोक लाल रंगवलेलं असतं, पण दादांना हल्ली लाल काय नि तपकिरी काय! मोतीबिंदू वाढला होता आणि काम जाईल म्हणून त्यांनी तो लपवला होता. खोकी तर शिक्के बसून गाडीत चढलीसुद्धा होती.

"सांगितलं तर घरी बसवतील गं."

"आणि नाही सांगितलं तर झोप लागणारे का तुम्हाला? चला, मी येते."

मालकीणबाईंना दादांनी एका दमात सगळं सांगितलं, डोळ्यांसकट. बाईंनी आधी गाडी थांबवली आणि मग अशा कडाडल्या की ड्रायव्हरही निमूट खाली उतरला. शिक्क्याचा परवाना गेला तर कारखान्याला टाळंच की! दादा मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात गाडीत चढून एकेक खोकं हुंगणारी बायको ओरडली, "हे बघा, हेच ते!" तळाच्या फळीचं टोक लालभडक होतं.

बाईंना रागातही हसू फुटलं. "वहिनी, तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे, पण नियमाला नाक चालत नाही. आजची सगळी खोकी उतरवा, शिक्के तासा, पुन्हा भट्टीत घाला." मग त्या दादांकडे वळल्या. "तुम्ही गप्प बसला असता तर मी बुडाले असते. डोळ्यांचं ऑपरेशन करून या. तोवर तुमचा हातोडा कुणाच्या हाती देत नाही."

परत येताना वाटेभर दादांनी बायकोचा हात सोडला नाही.

आता त्यांना लाल टोक लांबूनही दिसतं. तरी रोज दुपारी हात धुण्याआधी ते तिच्यापुढे तळहात धरतात.

"आता दिसतं की तुम्हाला," ती म्हणते.

"दिसतं गं. पण तू हुंगल्याशिवाय घास उतरत नाही."

ती हुंगते, हात बाजूला सारते आणि म्हणते, "धुवा आता."