मशीनच्या खणातलं पाकीट

सहावीचा तास चालू असताना ह्यांचा फोन आला... "शालू गेली." शालू माझी धाकटी नणंद, शिरोड्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवणारी. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, वय अवघं पंचेचाळीस. महिना झाला, पण तिच्यासाठी रडायचा मला कितपत हक्क आहे, ते अजून ठरत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आणि आली की पंधरा दिवस थांबायची नाही. मशीनवर बसताना खाली काळी उशी घ्यायची. चक्कर आली तरी म्हणायची, "काय नाय वैनी, उन्हाचा आसा." शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या दिल्या. पहिल्याच पाकिटाने रक्तस्राव आटोक्यात आला, पोटदुखी कमी झाली. त्या वर्षी चतुर्थीची सगळी शिलाई तिने एकदाही आडवी न होता उरकली.

दुसरं पाकीट मात्र माझ्या हाती पडलं. मी नवी सून, त्यात मास्तरीण. शहाणपणा मिरवायची हौस दांडगी. वरचं इंग्रजी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"शालू, पोरां नको म्हणान घेतत त्यो गोळ्यो ह्यो! आयतवारी बांद्याची माणसां तुका बघूक येतत. टाक त्यो आधी!"

"पण वैनी, माका बरा वाटता गो..."

"लगीन झाल्यार बघूया."

गंमत बघा, गणपतीत पाळी पुढे ढकलायला आम्ही जावा-जावा बिनदिक्कत गोळ्या घ्यायचो. देवासाठी चालत होतं, तिच्या दुखण्यासाठी चाललं नाही. बांद्याची माणसं पोहे खाऊन गेली आणि निरोप आला, मुलगी फारच पिवळी दिसते. पुढची स्थळंही तशीच परतली. लग्न काही झालं नाही, आणि गोळ्यांचा विषय मीही पुन्हा काढला नाही.

आजार कळल्यावर गोव्याच्या दवाखान्यात मी डॉक्टरांना एकटीने गाठलं आणि त्या जुन्या गोळ्यांचं विचारलं. ते म्हणाले, "या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. पण अशा अनियमित पाळीत त्या अस्तर वाढू देत नाहीत; काही वर्षं घेतल्या तर या कॅन्सरचा धोका कमी होतो. टळलाच असता, असं मात्र कोणी सांगू शकणार नाही." त्या शेवटच्या वाक्याला मी धरून बसते... पुरत नाही ते.

परवा तिचं मशीन आवरायला घेतलं. काळी उशी अजून खुर्चीवरच आहे. खणात बॉबिनी, खडू, आणि तळाशी ते दुसरं पाकीट. तिने टाकलं नव्हतं. पण आतली एकही गोळी फोडलेली नव्हती.

एवढं कशाला ऐकलंस गो माझं, शालू?