साडूभाऊंची एकच पावडर

माझ्या साडूंनी मला आजवर जेवढे धक्के दिले आहेत, तेवढे मस्कतच्या भर उन्हाळ्यातल्या विजेच्या बिलानेही दिलेले नाहीत. दिसायला माणूस अगदी निरुपद्रवी. ठेंगणे, गोरे, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावणारे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. लग्न ठरताना मला एवढंच कळलं होतं की ते 'ओमानला एका क्लबात असतात'. मी समजलो, पोहण्याचा तलाव, टेनिस, फार तर बुफेवर देखरेख. पुढे मलाही इथेच, गाला भागातल्या पंपांच्या कंपनीत नोकरी लागली, बौशरला बिऱ्हाड थाटलं आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही अल खौदला त्यांच्याकडे जेवायला गेलो. "आज कामावर काय विशेष?" असं मी सहज विचारलं, तर वरणभात कालवता कालवता ते म्हणाले, "विशेष काही नाही. गोळ्या भरल्या." माझा घास हातातच राहिला. ताई मात्र शांतपणे लिंबाची फोड पुढे करत होत्या.

तो क्लब नेमबाजीचा निघाला. डोंगराआड रेंज, तिथे लोक पिस्तुलं झाडणार आणि मागे राहिलेल्या पितळी पुंगळ्या साडूभाऊ गोळा करणार. त्या धुऊन-पुसून त्यांत नवी पावडर मोजून घालायची, वर नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. पुण्याला दारूगोळ्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या या माणसाला हे काम म्हणजे शेवया वळण्याइतकं घरगुती वाटे. क्लबाचे मालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणतात, ते साडूभाऊंना 'मुहंदिस', म्हणजे इंजिनिअर, म्हणत, आणि साडूभाऊंनी हात लावल्याशिवाय एकही काडतूस रेंजवर जात नसे.

साडूभाऊंचं तत्त्वज्ञान एका शब्दात सांगायचं तर 'एकात भागवा'. घरात साबण एकच. त्यानेच अंघोळ, त्यानेच डोकं, त्यानेच कपडे आणि ईदच्या सुट्टीत त्यानेच गाडी. खोबरेल तेलाची एक बाटली केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे फिरे. गोडा मसाला आमटीत घालतात हे मला माहीत होतं. तो त्यांनी शावर्म्यावर भुरभुरवलेला पाहिला तेव्हा तो विकणारा मलबारी आणि मी, दोघेही सारखेच हादरलो. "चव एकदा जिभेला पटली की झालं. उगाच डब्यांची पलटण कशाला?" हे वर. मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी एका फोनवर ठरवलं. पलीकडचे लोक दुसरं स्थळ दाखवायला तयार होते, तर हे म्हणाले, "एक पाहिलं ना? चांगलं आहे. खलास."

अलीकडे त्यांच्या विक्षिप्तपणात नवी भर पडली होती, आणि आम्ही तिची यथेच्छ थट्टा करत असू. सगळ्यांच्या चहात तेच साखर घालून ढवळायचे, गप्पांत रंगायचे आणि पुन्हा साखर घालायचे. "साडूभाऊ, चहा आहे की पाक?" मी म्हणे, आणि ते खळखळून हसत. कारखान्यातल्या साहेबाच्या टोपीत मांजर व्यायल्याची गोष्ट एकाच बैठकीत दोनदा सांगत. माझी मुलगी एकदा म्हणालीसुद्धा, "काका, ही स्टोरी तुम्ही ऑलरेडी सांगितला." काका म्हणाले, "सांगितली म्हणावं, बाळ," आणि तिचं मराठी सुधारून गोष्ट पुढे सुरू ठेवली.

अशा माणसापुढे अर्बाबांनी एक दिवस प्रश्न टाकला. क्लबात नऊ एमएमची पिस्तुलं, थर्टी-एटची रिव्हॉल्व्हरं आणि दांडगी फोर्टी-फाइव्ह, अशा तीन जाती. प्रत्येकीची पावडर वेगळी. आता परवाना एकाच जातीची पावडर साठवण्याचा मिळणार होता. तिघींना चालेल अशी एकच निवडायची, आणि ती मुहंदिसने निवडायची. चुकली तर एखाद्याच्या हातात पिस्तूल फुटायचं, एवढीच काय ती जोखीम.

मला वाटलं, झालं! हा मनुष्य जन्मभर याच प्रश्नाची तयारी करत होता. एका मिनिटात निकाल लावेल. पण छे! आठवड्यांमागून आठवडे गेले. ते जेवेनात, हसेनात. अर्बाब विचारत, "मुहंदिस, कब बोलेगा? यल्ला, एक नाम बोलो, खलास!" हे म्हणत, "इन्शाल्ला, अर्बाब." शेवटी अर्बाबच म्हणाले, "ये इन्शाल्ला मेरावाला है, तुम मत बोलो."

एका शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर जेवणाच्या टेबलावर स्टीलचा उंच पेला, रव्याचा डबा आणि पातळ पोह्यांचा डबा. ताई कपाळाला हात लावून उभ्या.

"बसा, साडूभाऊ," ते म्हणाले. "हा पेला म्हणजे थर्टी-एटची पुंगळी. आत जागाच जागा. ही बारीक पावडर, रव्यासारखी. स्वच्छ जळते, धूर नाही, नेमबाजांची लाडकी." त्यांनी वजन करून रवा पेल्यात ओतला. तो तळाशी बसला. पुन्हा तेवढाच ओतला. "चुकून दोनदा पडली. दिसतंय काही?"

"नाही. पेला अजून रिकामाच वाटतोय."

"आता ही दुसरी, पोह्यांसारखी." रवा काढून त्यांनी तेवढ्याच वजनाचे पोहे ओतले. पेला अर्ध्याच्या वर भरला. पुन्हा ओतले, तर पोहे काठावरून टेबलावर, टेबलावरून ताईंच्या नव्या गालिच्यावर. ताई केरसुणी आणायला धावल्या. साडूभाऊ मात्र कितीतरी दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना क्लबात सोडलं. अर्बाबांसमोर त्यांनी पोह्यांसारख्या पावडरीचं नाव घेतलं, आणि अर्बाब चकित झाले.

"मुहंदिस, ये तो धुआँ करता है! सब लोग दूसरावाला माँगता है."

"धुआँ करेगा, अर्बाब. तीनों में चलेगा. और गलती नहीं छुपाएगा."

अर्बाबांनी ते नाव कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाले, "तमाम. ठीक है."

परतताना गाडीत मला चेष्टेची हुक्की आली. "काय हो, जन्मात ज्याचा हात चुकला नाही, त्याने सांडणारी पावडर कशाला घ्यावी?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "मागे एक पुंगळी दोनदा भरली मी," ते म्हणाले. "भरून झाल्यावर वजन करतो, तेव्हा सापडली. पहिल्यांदा भरल्याचं आठवतच नव्हतं. चहाचंही तसंच होतं ना? आमची ही मुकाट पिते, म्हणून तिला वाटतं, कळत नसेल मला."

मी गाडी कडेला घेतली. त्यांचे सगळे धक्के मी आजवर हसून पचवले होते, हा पचेना. आम्ही एवढे दिवस कशाला हसत होतो ते कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अर्बाबांना सांगितलंय मी सगळं," ते म्हणाले. "नवा माणूस येतोय, तो शिकेपर्यंत बसेन. प्रत्येक काडतूस तो दुसऱ्यांदा तपासणार. आणि माझ्या हातून ज्या दिवशी सांडेल, त्या दिवशी मी उठणार. यल्ला, गाडी काढा, ही जेवायची थांबली असेल."

खजूर पिकायच्या दिवसांत, मी ऑफिसात असताना, त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, न्यायला येता का? सांडली." मी पोचलो तेव्हा टेबल स्वच्छ पुसलेलं होतं, पावडरीच्या कपाटाची किल्ली नव्या माणसाकडे गेली होती आणि गळ्याजवळची गुंडी लावून ते दारात उभे होते. अर्बाब त्यांचा हात हातात धरून होते आणि सोडत नव्हते.

आता ते दर शुक्रवारी बौशरला आमच्याकडे येतात. टोपीतल्या मांजराची गोष्ट सांगतात, आणि मुलगी दोन्ही वेळा नव्याने हसते. चहा तेच ढवळतात. साखर दोनदा पडते. ती सांडत नाही, त्यामुळे त्यांना कळत नाही, आणि आम्ही सगळे तो चहा शेवटच्या घोटापर्यंत पितो.