वर्दळीचा पत्ता

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बंद पडलेल्या दुकानांच्या पाट्या विकत घेतात. पाट्या इंटरनेटवरच्या. एखादी कंपनी बुडते, वेबसाइटच्या नावाची वर्षाची फी भरायला कुणी उरत नाही, नाव लिलावात निघतं. पण जुन्या सवयीने लोक तिथे येतच राहतात. ते नाव घ्यायचं, तिथे जाहिराती लावायच्या आणि आरामखुर्चीत बसून आल्यागेल्याचं स्वागत करायचं, असा हा उद्योग. त्यातला आरामखुर्चीचा भाग भाऊजींना पहिल्या दिवसापासून उत्तम जमला.

मागच्या नावावर रोज नऊशे पाहुणे येत. घेतल्यावर कळलं, त्यात माणूस एकही नाही. सगळे इंटरनेटभर आपोआप भटकणारे प्रोग्रॅम. ताईने तेव्हाच बजावलं: आणखी एक नाव, तेही फसलं तर सोमवारपासून फरशीवाल्याच्या गोदामात नोकरी. गोदामवाल्याशी ती बोलूनही आली.

भाऊजी शिकले मात्र. माणूस दुपारी जेवतो, प्रोग्रॅम जेवत नाही, हा त्यांचा शोध. ते आता एका दिवसाचा तासागणिक तक्ता बघत. पंप बनवणाऱ्या एका बुडालेल्या कंपनीचं नाव निघालं: रोज तीनशे पाहुणे, आणि दुपारी एक ते दोन चक्क शुकशुकाट. भाऊजी हरखले.

लिलाव शनिवारी चारला संपणार होता. पावणेचारपासून कुणी परका त्यांच्यावर बोली चढवत होता. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी होतं नव्हतं ते लावलं आणि वर आले. तीन मिनिटं उरली.

ताई शाळेच्या ऑफिसात हजेरीपट सांभाळते. तिने मागून वाकून अख्ख्या आठवड्याचा तक्ता उघडायला लावला.

"रविवारी शून्य कसं?"

"सुट्टी असेल," भाऊजी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना उमगलं.

पंप काय रविवारी बिघडत नाहीत? हे तीनशे जण म्हणजे कुठल्यातरी एकाच ऑफिसातले संगणक होते. त्यांवर इंटरनेट सुरू केलं की ते जुनं पान आपोआप उघडायचं. तिथल्या कुणी एकदा सेटिंग बदललं की रोजच शून्य.

आणि बोली मागे घेता येत नाही.

"लाव रे बाबा, एकदा लाव," भाऊजी पडद्यापुढे हात जोडून म्हणाले. "मघाशी बोललो ते मनावर घेऊ नकोस."

एक मिनिट. ताईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पंचवीस सेकंद. भाऊजींनी डोळे मिटले. नऊ सेकंद उरले असताना त्यांचा आकडा लाल झाला. परका वर गेला होता.

नियमाप्रमाणे वेळ पाच मिनिटांनी वाढली. भाऊजींचा हात सवयीने माउसकडे सरकला. ताईने मनगट पकडलं आणि लिलाव संपेपर्यंत सोडलं नाही.

"गोदामवाल्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "पण यापुढे तक्ता आधी मला दाखवायचा."

भाऊजी मनगट चोळत पडद्याकडे बघत राहिले.

"अगं, पण त्या बिचाऱ्याला रविवारचं कोण सांगणार?"